बेडकांच्या पाटीवरचा ‘नो’

जपानमध्ये भूकंप होतात हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे कोणी ‘नाही’ म्हणत नाही, हे मात्र मला कोणीही सांगितलं नव्हतं. भूकंपासाठी निदान भिंतीभिंतीवर सूचना असतात. कुठे उभं राहायचं, कशाखाली शिरायचं, कुठल्या मैदानात जमायचं. या दुसऱ्या संकटासाठी काहीच नाही. तुम्ही आपले तोंडावर आपटेपर्यंत चालत राहता.

मी सिंधुदुर्गात सडे वाचवण्याच्या कामात आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर जे उगवतं आणि ओरडतं ते बाकीचं वर्षभर दिसत नाही, म्हणून सरकारी कागदावर ती ‘पडीक’ जमीन आणि खाणवाल्यांसाठी मोकळं रान. आमच्याकडे ‘नाही’ या शब्दाला तोटा नाही. तहसीलदार नाही म्हणतात, खाणवाले नाही म्हणतात, सरपंच आधी हो म्हणून मग नाही म्हणतात. त्या ‘नाही’वर पाय रोवता येतो, पत्रक काढता येतं, घोषणा रचता येते. जिथे ‘नाही’च नाही, तिथे चळवळीने पाय रोवायचा कशावर?

जपानला जायचं कारण घरचंच. दादा टोकियोत कोतो भागात ओजिमाला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर त्याच्या इमारतीतली बरीच भारतीय कुटुंबं गाशा गुंडाळून परतली, हा आणि वहिनी राहिले, आणि तेव्हापासून आईचा एकच धोशा: कोणीतरी जाऊन बघून या, बरी आहेत का. भूकंपाला तीन वर्षं व्हायला आली तेव्हा दादाने वैतागून माझंच तिकीट पाठवलं. “येऊन मोज, सगळे जिवंत आहोत,” म्हणाला.

दुसरं कारण केतकी. कुडाळच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. ती बेडकांवर पीएचडी करून जपानच्या पार दक्षिणेला, इशिगाकी नावाच्या बेटावर पोस्टडॉक झाली. तिथे एक हिरवा झाडबेडूक आहे. ते बेट आणि समोरचं एक बेट सोडलं तर तो जगात कुठेही नाही. मी निघायच्या आधी तिचा फोन आला. ज्या जुन्या सिमेंटच्या टाकीत ती त्या बेडकांचा अभ्यास करते, ती टाकी बुजणार होती. जमीन ओहामा नावाच्या आजींची, आणि कोणी बाहेरचा माणूस तिथे घर बांधायला ती मागत होता. त्या दरीतले ओढे कधीच सिमेंटच्या नाल्यांत गेलेले. साचलेलं पाणी उरलं होतं ते या टाकीत. टाकी गेली की त्या दरीतले बेडूक गेले.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“ओहामा-सानना भेटले. त्या म्हणाल्या, मुझुकाशी.”

“म्हणजे?”

“अवघड आहे.”

अवघड. अशक्य नाही, अवघड. मी तर आयुष्यात सोपं काम केलेलंच नाही. मी लगेच कळवलं, येते, लढू. पलीकडून केतकी काहीतरी पुटपुटली. ते मी ऐकून घेतलं नाही.

ओजिमा

दादाची इमारत म्हणजे सरकारी वसाहतीतला एक उंच ठोकळा. लिफ्टमध्ये मराठी, तेलुगू आणि जपानी या तिन्ही भाषांत लोक गप्प उभे असतात. सकाळी खाली सायकलींची रांग आणि आंतरराष्ट्रीय शाळेत जाणारी आपली मुलं. माझी भाची मला मराठीत ऐकते आणि जपानीत उत्तर देते. बाथरूमच्या दारावर तिच्यासाठी वहिनीने जपानी मुळाक्षरांचा तक्ता लावलेला होता. रोज दात घासताना मीही त्यातली अक्षरं शिकत गेले. हे पुढे महागात पडलं.

मी आल्याआल्या जाहीर केलं की बेटावर जायच्या आधी टोकियोत पत्रक वाटायचं. जनमत तयार झाल्याशिवाय काही होत नाही. दादाने चमचा खाली ठेवला.

“सायली, आमची व्हिसाची मुदत वाढायची आहे यंदा.”

“बेडकांवरचं पत्रक आहे दादा, बॉम्बवरचं नाही.”

“इथे बाल्कनीत गादी झटकली तरी खालच्या मजल्यावरची बाई येऊन माफी मागून जाते. गादी आपण झटकलेली आणि माफी ती मागते. तू त्यात पत्रकं वाट.”

वहिनी तशी माझ्या बाजूची. ती जपानी उत्तम लिहिते, तिने मजकूर करून दिला. मी मराठीत दिला होता तो असा: ‘बेडकांच्या घरावर बुलडोझर चालू देणार नाही.’ तिने केलेलं जपानी लांबलचक दिसलं, म्हणून मी तिलाच ते परत मराठीत वाचायला सांगितलं. वहिनी वाचू लागली, “आपल्या व्यग्र दिवसात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व. आम्हांला पूर्ण माहिती नसण्याची शक्यता आहे, तथापि एका बेटावरील बेडकांविषयी, शक्य झाल्यास, आपण थोडा विचार केलात तर...”

“यात बुलडोझर कुठे आहे वहिनी?”

“‘तथापि’मध्ये,” ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या यंत्रावर मी प्रती काढल्या आणि स्टेशनच्या तोंडाशी उभी राहिले. पत्रक वाटायला मी सातवीत शिकले. हात कुठल्या उंचीवर धरायचा, नजर कधी मिळवायची, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. लोकही घेत होते, अगदी दोन हातांनी. पण पत्रक घेतल्यावर ते जात नव्हते, थांबत होते. माझ्या हाताकडे बघत थांबायचे, मग जरा खिन्न होऊन मान लववून निघून जायचे. मला वाटलं, मजकूर पोहोचतोय. एक आजोबा तर इतके थांबले की मी त्यांना दुसरं पत्रक दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि अतिशय हळुवारपणे काहीतरी विचारलं. शेवटचा शब्द तेवढा कळला, “तिश्यू?”

संध्याकाळी वहिनी हसून हसून ओट्यावर वाकली. टोकियोत रस्त्यावर कागद वाटतात तो कागदी रुमालांच्या पुडीला चिकटवून. लोक रुमाल ठेवतात आणि जाहिरात आपोआप घरी जाते. नुसता कागद कोणी वाटतच नाही. दिवसभर शेकडो माणसं माझ्यापुढे रुमालासाठी थांबली होती आणि मी ते जनजागृती समजत होते.

उरलेल्या पत्रकांचं काय करायचं, हा वेगळाच प्रश्न. तिथे कचऱ्याचे वार असतात. कागदाच्या वारी वहिनीने माझं आंदोलन सुतळीने चौकोनी बांधून खाली नेऊन ठेवलं. गाठ फार सुबक मारली होती.

बेटावर

इशिगाकीला ‘उष्ण कटिबंधातलं बेट’ म्हणून जाहिरातींत दाखवतात. मी उतरले तेव्हा बारीक पाऊस होता, वारा होता, आणि मी दादाच्या ऑफिसच्या जॅकेटमध्ये कुडकुडत होते. केतकी तिची काडेपेटीएवढी गाडी घेऊन आली होती. शाळेत असताना ही मुलगी बाईंच्या तोंडावर ‘बाई, तुमचं चुकतंय’ म्हणायची. आता ती पार्किंगच्या फाटकातल्या यंत्रालाही मान लववून ‘धन्यवाद’ म्हणाली.

“ते यंत्र आहे गो,” मी म्हटलं.

“सवय,” ती म्हणाली आणि गाडी इतकी हळू चालवू लागली की मागून एक ट्रॅक्टर आला आणि आमच्या मागेच राहिला. हॉर्न त्यानेही वाजवला नाही.

बाकी बेट बघताना मी वारंवार फसले. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चाललेली. त्यापलीकडे अननसाचे चौकोन. गावाच्या मध्यभागी पारंब्या सोडलेलं एक झाड, त्याला ते लोक गाजुमारु म्हणतात आणि त्यात भुतं राहतात म्हणतात. ते आपलं नांदरूक. मी पान तोडून चीक बघितला. तोच. इतक्या लांब येऊन झाड आपलं, लाल मातीही आपली, कौलंही लाल, फक्त कौलांवर दात विचकणारा मातीचा सिंह बसवलेला. आणि माणसं मात्र अशी की एकाच्याही मनाचा थांग लागू नये.

ओहामा-सानचं घर पोवळ्याचे दगड रचून केलेल्या कुंपणाआड, म्हणजे आमच्याकडच्या गडग्याआड, होतं. सगळं गाव त्यांना ‘ओबाआ’ म्हणतं, म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागले. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, डोक्याला रुमाल. आम्ही टेकताच त्यांनी बशीत काळ्या गुळाचे खडे आणि सोबत चहा आणून ठेवला. मला एकदम भरून आलं. गूळपाणी देणारं घर आहे, इथे बोलणी सोपी जाणार, असं वाटलं.

मी बोलायला सुरुवात केली. केतकीने जपानी करायचं होतं. मी जागतिक वारशापासून सुरू केलं, जमिनीवरचा माणसाचा हक्क हा विश्वस्ताचा हक्क कसा आहे यावर आले, बाहेरून येऊन घरं बांधणाऱ्यांनी आमच्या किनाऱ्याचं काय केलं ते सांगितलं, आणि येणाऱ्या पिढ्यांवर संपवलं. आमच्याकडे या भाषणाला टाळी आहे. केतकीने तोंड उघडलं, चार-पाच शब्द बोलली आणि मिटलं.

“एवढंच?”

“सगळं आलं त्यात.”

“काय म्हणालीस?”

“हिला बेडूक आवडतात म्हणाले.”

ओबाआंनी माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, “सोओ देस ने.” म्हणजे, असं होय. मग बाहेर पावसाकडे बघत म्हणाल्या, “मुझुकाशी ने.”

“विचार त्यांना, अवघड म्हणजे नक्की काय अवघड? पैशांचं, की मुलं ऐकत नाहीत, की तो माणूस दबाव आणतोय? एकेक मुद्दा घेऊ.”

केतकीने काहीही विचारलं नाही. ती गुळाच्या बशीकडे बघत हळूच म्हणाली, “सायले, मुझुकाशी म्हणजे नाही. इथे ते असंच म्हणतात. तू आता थांब.”

“नाही कशाला? विकायला नाही, की आपल्याला नाही?”

केतकीने खरं ते सांगितलं. तेच तर तिलाही कळलेलं नव्हतं. महिनाभर ही बाई त्या माणसालाही मुझुकाशी सांगत होती आणि हिलाही, आणि दोघंही मान लववून घरी जात होती.

हे मी अत्यंत संतापून ऐकलं, आणि त्याच वेळी मला काहीतरी ओळखीचंही वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. आमच्या बाबांचं ‘बघू’. सहलीला जाऊ का, बघू. सायकल घेणार का, बघू. बाबांच्या ‘बघू’चा अर्थ लागायला मला बारा वर्षं लागली होती, तेही मराठीत.

जेवायला ओबाआंनीच ठेवून घेतलं. कारल्याचे पातळ काप, अंडं आणि टोफू घालून परतलेले. कारलं आपल्यापेक्षा कमी कडू, पण बाकायदा कारलं. मी मासे खाते, डुक्कर खात नाही, हे केतकीने त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यात गुलाबी चौकोनी तुकडे होते. मी विचारलं, हे काय. ओबाआ म्हणाल्या, हे डुक्कर नाही, हे डब्यातलं आहे. अख्ख्या मुक्कामात मला मिळालेला पहिला ‘नाही’ हा असा होता, आणि तोही खोटा.

टाकी

टाकी घराच्या वरच्या अंगाला, उतारावर होती. चढून गेलं की एक सपाट पट्टी, तिच्या मधोमध कंबरभर उंचीचं जुनं सिमेंट, वर रानाची कड. तिथून खाली ऊस, गाव आणि गावापुढे समुद्र एका नजरेत दिसतो. झऱ्याचं पाणी टाकीत येतं आणि साचतं. पूर्वी अननसाला हेच पाणी द्यायचे. काठावर झुकलेल्या फांद्यांना साबणाच्या फेसाचे गोळे लटकवल्यासारखी पांढरी घरटी. आमच्याकडे सह्याद्रीत विहिरींवर असलीच घरटी मी लहानपणापासून बघितलेली आहेत. मादी फेस घुसळते, त्यात अंडी. फेस विरघळला की पिल्लं टपटप पाण्यात. खाली पाणी असायलाच हवं. नसलं तर पिल्लं कोरड्या सिमेंटवर पडतात. एवढा साधा मुद्दा आहे. याला ‘अवघड’ काय आहे?

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही काठावर बसलो. त्याआधी बेडकांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून केतकीने माझे बूट ब्रशने घासून औषधाने धुवायला लावले, बॅटरीला लाल कागद लावला आणि बोलायचं नाही असं बजावलं.

“बेडकांचंही काही म्हणणं नसतं का इथे?” मी कुजबुजले.

“श्श.”

बेडूक ओरडेनात. पाऊस होता, ओल होती, सगळं होतं. मी जगात फक्त इथे असलेल्या प्राण्यासाठी समुद्र ओलांडून आले होते आणि तो तोंड मिटून बसला होता. हाही जपानीच, असं माझ्या मनात आलं. पाय मोकळा करायला उठले तर शेवाळावरून घसरले आणि एक पाय मांडीपर्यंत टाकीत. दादाचं जॅकेट कोपरापर्यंत भिजलं. केतकीने मला वर ओढलं आणि माझी नाही, टाकीची माफी मागितली.

त्यानंतर पलीकडच्या फांदीवरून एकाने सुरुवात केली. कोरोरोरो. मातीच्या लहान मडक्यात सुपाऱ्या घालून हलवाव्या तसा आवाज. मग दुसरा, मग काठावरून तिसरा, आणि बघता बघता सगळी टाकी वाजायला लागली. केतकीने लाल उजेड एका पानावर धरला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा हिरवा जीव, पोटाखालचा रंग पिवळट, गळ्याचा फुगा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तो पूर्ण ताकदीने आपलं म्हणणं मांडत होता.

अख्ख्या देशात सरळ बोलणारा मला हा एकच भेटला. तिथेच मी ठरवलं की आता भाषांतर नको. मी स्वतः बोलणार.

पाटी

दुसऱ्या दिवशी केतकी तिच्या केंद्रावर गेली. मी ओबाआंच्या शेडमधून एक पडून असलेली फळी काढली, गावातून पोस्टरचे रंग आणले. वाक्य साधं ठेवलं: ही जमीन बेडकांची. जमीन म्हणजे तोची, बेडूक म्हणजे काएरु, हे मला ठाऊक होतं. अक्षरं बाथरूमच्या दारावरून पाठ होती. ‘कोनो तोची वा काएरु.’ चित्रलिपीतलं मला काही येत नाही, म्हणून सगळं साध्या मुळाक्षरांत, हातभर उंच. शेजारी एक हसरा बेडूक काढला. तोही चांगला जमला. फळी रस्त्याकडेच्या गडग्यात बांबूने खोचली आणि लांब जाऊन बघितली. ‘क्षमस्व’ नाही, ‘तथापि’ नाही. पत्रक असावं तर असं.

परिणाम ताबडतोब दिसला. गाड्या थांबू लागल्या. एका जोडप्याने उतरून पाटीचा फोटो काढला. मग एकाने फाटकातून वाकून ओबाआंना काही विचारलं, त्यांनी दोन्ही हात हलवले. दुपारी शेजारची बाई चेहरा पाडून आली आणि ओबाआंचा हात हातात घेऊन बसली. मी केतकीला फोन करून सांगितलं, लोक जागे होतायत, ये.

केतकी आली, गाडी बंद केली, पाटी वाचली आणि गडग्याला टेकून खाली मातीत बसली.

“सायले, हे काय लिहिलंयस?”

“ही जमीन बेडकांची.”

“‘ची’ कुठे आहे?”

“काय?”

“‘बेडकांची’मधला ‘ची’. जपानीत तो ‘नो’ असतो. काएरु-नो. तू ‘नो’ घातलाच नाहीयेस.” ती डोळे पुसत होती. हसत होती की रडत होती, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. “काएरु म्हणजे बेडूक. आणि काएरु म्हणजे ‘विकत घेता येतो’ असंही होतं. चित्रलिपीत वेगळं दिसतं, तुझ्या या अक्षरांत एकच. तू रस्त्यावर पाटी लावलीयस, ‘ही जमीन विकत घेता येईल.’”

“पण शेजारी बेडूक काढलाय ना.”

“इथे घरं विकणाऱ्या प्रत्येक दुकानाचा असा एक हसरा प्राणी असतो. लोकांना वाटलं, नवीन एजंट आलाय.”

मी पाटीकडे बघितलं. ज्या देशात कोणी ‘नो’ म्हणत नाही म्हणून मी आठवडाभर थयथयाट करत होते, तिथे एकमेव ‘नो’ घालायची वेळ आली आणि तो मीच गाळला. फळी उपटायला हात घातला एवढ्यात आणखी एक गाडी थांबली.

“तोच,” केतकी उठून कपडे झटकत म्हणाली. “मागणारा.”

या क्षणासाठी मी तयार होते. बाहेरून येऊन डोंगर पोखरणारे मी बरेच पाहिले आहेत. गॉगल असतो, पांढरे बूट असतात. हा माणूस साठीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, हातात पावसाने मऊ झालेली कापडी पिशवी. तो पाटीपुढे उभा राहिला तो राहिलाच. मग त्याने ओबाआंना वाकून नमस्कार केला आणि फार हळू बोलायला लागला. केतकी मला सांगत गेली. या वेळी मात्र तिने एक शब्दही गाळला नाही, त्यावरूनच मला कळलं की काही बरं नाही.

तो उत्तरेकडचा, भूकंपाच्या भागातला. घर उभं आहे, भिंतीला तडासुद्धा नाही. पण अणुवीज केंद्राच्या जवळ, त्यामुळे राहायला परवानगी नाही. म्हातारी आई सोबत आहे. तीन वर्षं जो भेटतो तो एकच विचारतो, काएरु? म्हणजे परत जाणार? त्या शब्दाचा हा तिसरा अर्थ मला तोवर माहीत नव्हता. “पाटी वाचली,” तो म्हणाला, “आणि वाटलं, लिहिलंय की ही जमीन परत येईल.”

 त्याने पुढे स्वतःच सांगितलं की टाकीचीच जागा का हवी. आईने भूकंपानंतरची समुद्राची लाट बघितलेली आहे. ती आता समुद्र दिसेल पण पोहोचणार नाही अशा उंचीवरच झोपते.

मला आजतागायत त्या माणसाचा राग आहे, आणि तो एवढ्याचसाठी की त्याच्यावर रागावता येईना. पत्रकात शत्रूसाठी जागा सोडलेली असते. इथे त्या जागेत हा स्वेटरवाला येऊन उभा राहिला. ओबाआ महिनाभर ‘अवघड’ का म्हणत होत्या तेही कळलं. ते खरंच अवघड होतं. मी केतकीला म्हटलं, मला काहीतरी बोलू दे. ती म्हणाली, “बोल की.” मला काही सुचेना.

मग मी जे लिहायला निघाले होते ते तरी त्याला सांग, असं म्हटलं. केतकीने सांगितलं: ही परदेशी आहे, हिचा एक ‘नो’ राहिलाय. त्या माणसाने पाटीकडे बघितलं, मग बेडकाच्या चित्राकडे, आणि त्याच्या तोंडून “आआ” असा लांब आवाज निघाला. ओबाआ पुढे वाकून पाटीकडे बघत होत्या. त्यांना दुपारभर वाटत होतं की हा उपद्व्याप जमीन विकून टाका म्हणणाऱ्या परगावच्या पुतण्याने केला. आता त्यांना सगळं लक्षात आलं आणि त्या बोळक्या तोंडाने इतक्या हसल्या की गडग्याला धरून उभं राहावं लागलं. तोही हसला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि मी रंगाने बरबटलेले हात घेऊन मध्ये उभी.

हसू ओसरल्यावर ओबाआ शेडमध्ये गेल्या. येताना होडी रंगवायच्या काळ्या तेलरंगाचा डबा आणि एक कुंचला घेऊन आल्या. फळीवर ‘काएरु’च्या पुढे बोटभर जागा होती. तिथे त्यांनी एक अक्षर काढलं. जपानी ‘नो’ दिसायला अगदी सोपा असतो, एका वेढ्यात सोडून दिलेल्या जिलेबीसारखा. तो त्यांनी सावकाश गोल फिरवून, शेवटची ओढ खाली घेऊन पुरा केला आणि कुंचला गवताला पुसला.

ही जमीन बेडकांची.

त्या माणसाने ते वाचलं. त्याने वाकून नमस्कार केला, तो आधीपेक्षा बराच खोल. ओबाआंनीही तेवढाच खोल परत केला. मग त्या त्याला काहीतरी म्हणाल्या, कोयता उचलला आणि दोघं टाकीच्या वरच्या अंगाला, रानात शिरणाऱ्या पायवाटेने चढू लागले. त्याची कापडी पिशवी आता ओबाआंच्या खांद्यावर होती, का ते मला कळलं नाही.

“काय झालं? काय ठरलं?” मी विचारलं.

“ठरलं,” केतकी म्हणाली.

“काय? कोण काय बोललं?”

“म्हणाल्या, वर त्यांच्या सासऱ्यांचं जुनं जोतं आहे. रान माजलंय, बघायला चला.”

“मग ते त्याला देणार?”

“ते नाही म्हणाल्या.”

“टाकी राहणार, हे म्हणाल्या?”

“तेही नाही म्हणाल्या.”

“मग ठरलं काय?”

केतकीने मान जराशी वाकडी केली, दातांमधून हवा आत ओढली आणि जपानी माणूस करतो तसा चेहरा केला. मी तिला बजावलं, तो शब्द तोंडातून काढलास तर याद राख. तिने काढला नाही. आम्ही गडग्यावर बसून बशीतला उरलेला गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. कोणीही मला काहीही निश्चित न सांगता निरोप दिला. ओबाआंनी हातात एक डबा ठेवला. विमानात उघडला. कारलं होतं, गुलाबी चौकोनांसकट.

घरी आल्यावर सड्याच्या प्रकरणात तहसीलदारांकडे गेले. ते म्हणाले, “बघू.” आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाच्या अंगावर धावून न जाता मी विचारलं, “साहेब, हे कुणाला बघू? आम्हांला की खाणवाल्यांना?” ते जरा गडबडले आणि त्यांनी चहा मागवला. पुढचं अजून चालू आहे.

पावसाळ्यानंतर केतकीने एक फोटो पाठवला. वादळं होऊन गेली होती. माझे पोस्टरचे रंग कधीच धुऊन गेले, बेडूकही गेला, फळी पार पांढरी पडलीय. तेलरंग तेवढा टिकला. गडग्यात बांबूला बांधलेल्या त्या कोऱ्या फळीवर आता एकच काळं अक्षर आहे: ‘नो’. येणारेजाणारे थांबून बघतात म्हणे, आणि काही न विचारता पुढे जातात.

फोटोखाली केतकीने एका ओळीचा निरोप लिहिला होता. टाकीत पाणी आहे.